थोडंसं म्हणजे आहेच

प्रिय खारूताई,

तीन आठवडे तू माझ्याशी बोलत नाहीयेस, म्हणून लिहितोय. फोन केला असता तर तू तो आईच्या हातात दिला असतास आणि आई "बरं" याच्यापुढे काही म्हणाली नसती. आधी एक कबूल करतो. मी कामासाठी आलेलो नाही. इथे कुणाचीही लिफ्ट बिघडलेली नाही. उलट मी उतरलोय त्या लॉजला लिफ्टच नाही. एकतीस वर्षं लोकांना आयतं वर पोचवलं आणि स्वतः मात्र रोज तीन जिने कठडा धरून चढतोय. गुडघे आता माझे राहिलेले नाहीत.

मी तुझ्या कॉलेजसमोर आहे. चार दिवस झाले. फाटकापासून पुलाच्या तोंडापर्यंत मुलांना परवडतील अशी खाण्याची जेवढी ठिकाणं आहेत, त्यातल्या अकरा ठिकाणी मी जेवलो. जेवलो म्हणजे पोटात ढकललं. माझं पोट सध्या माझ्याशी तुझ्यासारखंच वागतंय. सगळीकडे ती बिनपाठीची प्लॅस्टिकची स्टुलं. त्यांवर बसायला मी मोठा आणि उठायला म्हातारा. आजूबाजूला तुझ्या वयाची मुलं एका ताटलीत चौघं जेवतात आणि मध्येच माझ्याकडे बघून आवाज खाली आणतात. त्यांना मी कुणाचा तरी बाप वाटतो. आहेच म्हणा.

मी इथे तुझ्यासाठी जागा शोधायला आलो होतो असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण तसं नाही. मी पुरावे गोळा करायला आलो होतो. तुझ्या हॉस्टेलचा तो पालकाच्या सहीचा कागद माझ्या बॅगेत होता. तू तो घरभर शोधलास, मी गप्प राहिलो. माझा बेत असा की प्रत्येक ठिकाणी विचारायचं, जेवणात शेंगदाणा असतो का, आणि आलेलं उत्तर वहीत लिहायचं. मग घरी येऊन ती वही तुझ्यासमोर ठेवायची आणि म्हणायचं, बघ, इथे तू एक आठवडासुद्धा काढू शकणार नाहीस. भांडण नको, आरडाओरडा नको, नुसती वही.

आणि पुरावे मिळालेही. फाटकासमोरच्या नूडल्सवाल्याने विचारल्यावर हसून सांगितलं, "असतो थोडासा, पण कळतसुद्धा नाही हो." तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुझ्याकडून घोकून घेतलेलं वाक्य मला आठवलं: थोडंसं म्हणजे आहेच. मी लिहिलं, नाही. दुसऱ्याने सांगितलं, वरून घालतो, नको असेल तर बाजूला काढून खा. नाही. एक बाई म्हणाल्या की त्यांच्या पुतण्यालाही आधी असंच व्हायचं, पण रोज एकेक दाणा देऊन त्यांनी त्याची सवय केली. त्यांच्याकडे तर मी निम्मी ताटली टाकून उठलो. दहा ठिकाणांपैकी फक्त एक पास झालं. कोपऱ्यावरचं ऑम्लेटचं दुकान. गल्ल्यावरचा चष्मेवाला मालक ठामपणे म्हणाला, "आमच्याकडे अजिबात नाही, निर्धास्त खा." त्याच्यापुढे मी लिहिलं, चालेल. अगदीच अन्याय नको म्हणून.

अकरावं ठिकाण झेरॉक्सच्या दुकानामागे आहे. चारच टेबलं, सूप, भात आणि पाव. इथवर येईपर्यंत मला इतका कंटाळा आला होता की प्रश्नसुद्धा पाठ केल्यासारखा तोंडातून पडला. मालकीणबाई पाव कापत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "परत तेच? मागच्याच महिन्यात एक मुलगी येऊन माझी पार झडती घेऊन गेली." आणि मला आत बोलावलं.

शेगडीच्या वर, चिकटपट्टीखाली, तुझं अक्षर होतं.

मी वाचलं ते इथे उतरवून काढतो, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचलं. "मला शेंगदाणा चालत नाही. तेल नाही, कूट नाही, तोच झारा नाही, तीच कढई नाही. थोडंसं म्हणजे आहेच. सुट्टी संपली की मी रोज येणार आहे. काही झालं तर पिशवीच्या पुढच्या कप्प्यात इंजेक्शन आहे, मांडीत द्यायचं, कपड्यावरून चालतं, आणि मग या नंबरवर फोन करा." खाली माझा नंबर. त्याच्यापुढे लिहिलंय, बाबा, आणि कंसात, घाबरतील, त्यांच्याशी हळू बोला.

मला बाईंनी विचारलं, तुम्ही तिचे कोण. मी कागदावरच्या 'बाबा' या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि खरंच हळू बोलायला लागल्या.

तर मुलाखतीला मावशीबरोबर आलीस तेव्हा दोनाचे तीन दिवस झाले ते यासाठी. आणि मी मात्र मावशीला फोनवर नको नको ते बोललो. तिची माफी आल्याबरोबर मागतो.

मग मी पुन्हा सगळा रस्ता उलटा चाललो, पाय तुटत असताना. या खेपेला गल्ल्यावर न थांबता आत गेलो. आणखी तीन स्वयंपाकघरांत तुझे कागद आहेत. एक त्या नूडल्सवाल्याकडेसुद्धा! त्याच्या बायकोने तुझ्यासाठी वेगळी कढई काढून ठेवली आहे, तिला लाल दोरा बांधलाय. नवऱ्याला पत्ताच नाही. अकरांपैकी चार, आणि त्यांतलं एकही माझ्या वहीत पास नव्हतं.

ऑम्लेटच्या दुकानात मात्र तुझा कागद नव्हता. तिथला आचारी म्हणाला, "ती पोरगी आली होती की. मी सांगितलं तिला, सॉस दाट करायला मी कूट घालतो. मालकाला कुठे माहीत असतं? ती थँक्यू म्हणाली आणि गेली." पूर्ण रस्त्यावर माझ्या वहीत एकच जागा पास होती, आणि तीच नेमकी तू टाळलीस. मी गल्ल्यावर विचारत होतो. तू स्वयंपाक करणाऱ्याला विचारलंस.

आज सकाळी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तो कागद सही करून दिला. एकतीस वर्षांत स्वतः बसून वर-खाली केल्याशिवाय मी एकाही लिफ्टच्या कागदावर सही केली नाही. या कागदावर केली. कारकुनाने शिक्का मारला, पावती दिली, ती सोबत ठेवतोय. सुट्टी संपेपर्यंत तुझा क्लासचा डबा मीच भरणार, त्यावर वाद नको. हे पत्रही उद्या घरी आलो की त्याच डब्याखाली ठेवीन.

पण पावतीबरोबर दोन ओळीही पुरल्या असत्या. एवढं लांबलचक लिहिलं ते दुसऱ्या कारणाने. तुझ्या पाचव्या वर्षीचं ते बिस्कीट. घरात आजवर हेच सांगितलं गेलं की सगळ्यांचा डोळा चुकवून ते तू उचललंस. अजूनही तुझ्या अंगावर साधं पित्त उठलं तरी तू आधी आम्हाला सॉरी म्हणतेस. खारूताई, तू काही उचललं नव्हतंस. आपण बसची वाट बघत होतो, तुला भूक लागली होती. मी दुकानदाराला विचारलं, यात शेंगदाणा नाही ना. तो गल्ल्यावरून नाही म्हणाला, आणि मी माझ्या हाताने ते तुला भरवलं. दवाखान्यात आईने विचारलं तेव्हा तुझं नाव माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तेरा वर्षं मी ते परत घेतलं नाही. तुला जाऊ देत नव्हतो ते तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. चूक तू कधी केलीच नव्हतीस. तू वाचून होईपर्यंत मी स्वयंपाकघरात असेन. बोलायचं असेल तर ये, नसेल तर डबा घेऊन जा.

तुझाच, अजून घाबरणारा,
बाबा