घोड्याचे चार पाय

तात्या, मला लिहिता येतं हे तुम्हाला ठाऊक नाही. नात शाळेत जायला लागली तेव्हा तिच्याच पाटीवर तिच्याबरोबर गिरवत शिकले. त्याआधी मला वाचता यायचं ते फक्त चिनी, आणि तेही मूठभर अक्षरं. ती तुम्हीच शिकवली होतीत.

रंगूनला आपल्या माणसांवर वाईट दिवस आले, तसे तुम्ही लाकडाच्या वखारीतली नोकरी सोडून डाळजला परतलात. आईला वाटलं होतं, ट्रंकेत रेशमी लुगडं असेल. निघालं चिनी बुद्धिबळ: रेघा मारलेलं कापड आणि लाकडाच्या गोल चकत्या, प्रत्येकीवर एक अक्षर कोरलेलं. वखारीतल्या चिनी सुताराकडून तुम्ही तो खेळ शिकला होतात. गावात मात्र कोणी तुमच्याशी खेळेना. हत्तीला सोंड नाही, घोड्याला मान नाही, मोहरे घरात न बसता रेघांच्या फुलीवर बसतात, पटाच्या मधून नदी जाते आणि हत्तीला ती ओलांडायची बंदी. "असलं कुठं बुद्धिबळ असतं व्हय?" म्हणून लोक उठून जात. मग राहिले मी. दुपारची जेवणं उरकली की चुलीपुढं कापड अंथरलं जाई. तुम्ही चकती पुढं करून म्हणायचात, "ह्यो बघ घोडा. खाली चार ठिपकं हायती न्हवं, ते त्येचं पाय." कंटाळा आला की सगळ्या चकत्या पालथ्या घालून अर्ध्याच पटावर आपण दुसरा डाव मांडायचो, एकेक उलटत. त्यात साधं प्यादंसुद्धा राजाला खाई, आणि तसं झालं की हसता हसता तुम्हाला खोकला लागायचा.

मग कोऱ्हाळ्याची माणसं मला बघायला आली. पुढं माझे सासरे झाले त्यांनी नाव विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं, मग म्हणाले, "शाळा काय शिकलीया?"

"शाळा न्हाय," तुम्ही म्हणालात, "पर पोरीचं डोस्कं लई तल्लख हाय. थांबा, दावतो."

आई आतून तुम्हाला नको नको म्हणून खुणा करत होती, पण तुम्ही चकत्यांची डबी आणलीतच. माझ्यापुढं एक चकती धरलीत. "सांग बाई, ह्यो कोण?"

चार ठिपके मला स्पष्ट दिसत होते. पण कालव्याचं पाणी, ऊस, भरलेला गोठा, हे सगळं मी ऐकून होते आणि मला त्या घरात जायचं होतं. पुरुषासारखी पट मांडून बसणारी मुलगी सून म्हणून कोण करून घेणार? मी मान खाली घातली. "मला न्हाय ठावं."

"अगं, घोडा न्हवं का?" तुम्ही हळूच म्हणालात.

"म्या ह्ये कवा बघितलंबी न्हाय."

हशा पिकला. "रंगूनच्या हवेनं तुमचं डोस्कं फिरलंया, तात्या," सासरे म्हणाले. तुम्हीही हसलात आणि माझ्याकडं न बघता चकत्या गोळा केल्यात. सुपारी फुटली. त्या घरात मला कोणी काही कमी केलं नाही, म्हणून तर जास्त लाज वाटते. तुम्हाला मात्र ते जन्मभर 'चिनी व्याही' म्हणत राहिले, आणि पंगतीत वाढताना मीही सगळ्यांबरोबर हसत राहिले. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, का गं असं केलंस. विचारलं असतंत तर आईनं दटावलं होतं म्हणून सांगायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. आईनं मला चकार शब्द सांगितला नव्हता.

तुमच्यामागं ती डबी माझ्याकडं आली. आज नातीनं ती शोधून काढली. "आजी, ह्ये काय गं?"

सासरे गेले, मालक गेले, ज्याला भ्यावं असं आता घरात कोणी नाही. तरी तोंडातून आलं, "मला न्हाय ठावं." पोरगी चकत्या तिथंच टाकून खेळायला पळाली.

म्हणून लिहायला बसले. हा कागद कुठं जायचा नाही, चुलीतच जाईल. पण एवढं सांगते. जमिनीवर घोडा पाय वर करून पडला होता. कोणी बघत नाही ना, एवढं मी आधी पाहिलं, आणि मग त्याला सरळ केलं.