जुन्या मापाचं ब्लाऊज

अबुधाबी, रविवार

प्रिय मुग्धा,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. होई आनचे पन्नासेक फोटो मी निवडून, क्रम लावून, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून तुला पाठवले. उत्तरादाखल आला एक पिवळा अंगठा. आपल्याकडे अंगठा उठवायचा तो सही न येणाऱ्यांनी. तू मराठीत एम.ए. आहेस. आमचे पाठशाळेतले गुरुजी चिडले की मूर्ख म्हणायचे, पण तेसुद्धा व्यवस्थित संबोधन विभक्तीत. तेव्हा यापुढे माझ्यावर रागवायचं असेल तर पूर्ण वाक्यात रागवावं, ही विनंती.

राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. अंगठ्याच्या आधीचा तुझा निरोप मला पाठ झालाय: ‘भाऊजी, ताईची केमो संपून तीन महिने नाही झाले आणि तुम्हाला व्हिएतनाम सुचतं?’ हो, सुचतं. डॉक्टर शहनाझनी उकळलेलं पाणी आणि दुपारची झोप एवढ्या दोन अटींवर सोडलं होतं. तुझी परवानगी मागितली नाही, कारण तू दिली नसतीस. हे पत्र माफीचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सगळं सुरू झालं ते शारजात, रोल्लाच्या बाजारात. आम्ही तिकडे राहायचो तेव्हापासून विभाची ब्लाउजं हमीद मास्तर शिवतात, आणि अबुधाबीला आल्यावरही ती त्यांच्यासाठी दीड तास गाडी चालवायला लावते. ते डाळिंबी मापाचं ब्लाऊज तुझ्या ओळखीचं आहे; ते काउंटरवर टाकायचं, ‘मास्तर, यासारखंच’ म्हणायचं, संपलं. या वेळी तुझ्या ईशानीच्या लग्नासाठी कापड दिलं. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नुसत्या अंदाजाने दोन मापं कमी करून शिवलं. भल्या मनाने केलं बिचाऱ्यांनी. ब्लाऊज अगदी बेतशीर बसलं. विभाने ते घरी आणलं आणि कपाटाच्या तळाशी ढकलून दिलं.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला की रुखवत आता नाशिकच्याच एका बाईंना सांगितलंय, ताईने दगदग करू नये. तूही भल्या मनानेच केलंस. पण मुग्धा, लग्न ठरल्यापासून तुझी ताई मोत्यांचे आणि लोकरीचे डबे मांडून बसली होती. तुझा फोन ठेवल्यावर तिने ते डबे बंद केले आणि मला म्हणाली, ‘जो तो मला मापातून काढतोय हो. मला कुठेतरी न्या, जिथे मला कोणी ओळखत नाही.’ मी तिकिटं काढली.

होई आन हे नदीकाठचं जुनं व्यापारी गाव. हळदीच्या रंगाच्या भिंती, कौलारू छपरं, गल्ल्यागल्ल्यांतून कागदी आणि रेशमी कंदील. जुन्या भागात दिवसाचा बराच वेळ मोटारींना बंदी, म्हणून विभाला सायकलरिक्षात बसवलं. पुढे बसणारा प्रवासी आणि मागून पेडल मारणारा चालक, त्यामुळे ती सबंध गावात मिरवणुकीतल्या मूर्तीसारखी फिरली आणि मी बाजूने भक्तासारखा चालत होतो. पायाला फोड आले. त्याबद्दल तिने सहानुभूती दाखवली नाही.

एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात गेलो. तिथल्या खांबांवर पुराच्या खुणा आहेत, खाली साल लिहिलेलं. काही खुणा माझ्या डोक्याच्याही वर होत्या. पाणी चढायला लागलं की माडीच्या तक्तपोशीतली झडप उघडायची आणि कप्पीने सामान वर ओढून घ्यायचं. ओसरलं की पुन्हा खाली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. विभाने घर दाखवणाऱ्या म्हातारीला विचारलं, ‘मग हे घर सोडून का नाही जात?’ म्हातारी हसली. म्हणाली, आम्ही का जायचं? पाणीच जातं ना. विभा तिथेच, त्या खांबाला टेकून, बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं थकली, म्हणून खुर्ची शोधायला धावलो. थकली नव्हती.

त्या गावात गल्लोगल्ली शिंपी आहेत, सकाळी माप द्या, संध्याकाळी कपडा घ्या. आता माझा त्याग ऐक. तिथून तासाभराच्या वाटेवर चंपा राज्याची प्राचीन देवळं आहेत आणि त्यांतले शिलालेख संस्कृतात आहेत. पाठशाळेत रूपं घोकून पुढे आयुष्यभर तेल कंपनीची टेंडरं तपासत बसलेल्या माणसाला याहून मोठं आमिष कोणतं? दुपारची गाडीसुद्धा ठरवली होती. ती रद्द केली आणि शिंप्याच्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो, कारण विभाने मोरपंखी रेशमावर हात ठेवला होता.

दुकान लिएन नावाच्या बाईंचं. त्यांनी गळ्यातली टेप काढून विभाचं माप घ्यायला सुरुवात केली आणि विभाने पर्समधून काय काढलं असेल? ते डाळिंबी मापाचं ब्लाऊज. तीन देश ओलांडून आणलं होतं, मला पत्ता नव्हता. ‘माप हे,’ ती म्हणाली. लिएनबाईंनी ते तिच्या अंगाला लावून पाहिलं आणि अदबीने विचारलं, ‘मॅडम, हे तुमच्या बहिणीचं का?’ मला तुझं नाव सांगण्याचा फार मोह झाला. आवरला, याची नोंद घे.

मग दोघींची चांगली जुंपली. लिएनबाई म्हणे, अंगाचं माप एक आणि कपड्याचं भलतंच, असं मी शिवत नाही, माझं नाव खराब होतं. शेवटी त्यांनीच तोड काढली: आत्ताच्या अंगाला बेतून शिवते, आतल्या बाजूला भरपूर माया ठेवते, पुढे हवं तेव्हा उसवून घ्या. मला ते पटलं होतं. विभा म्हणाली, ‘नाही. मी उसवत बसणार नाही. मी परत भरणार आहे, तोवर ब्लाऊजने वाट बघावी.’ हे मोडक्या इंग्रजीत कसं सांगावं या विवंचनेत मी असताना लिएनबाईंनी, जगातल्या सगळ्या शिंप्यांसारखं, नवऱ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मॅडम म्हणतील तसं. हे वाक्य मला सर्व भाषांत येतं.

संध्याकाळी तिने ते घालून पाहिलं. खांद्यावरून उतरत होतं, पाठीत चार बोटं सहज जात होती. लिएनबाई मान हलवत राहिल्या, पण ही आरशासमोर अशी वळून वळून बघत होती की जणू तिचंच लग्न आहे. नदीवर आलो तेव्हा कंदील लागले होते. पाण्यात दिवा सोडून काही मागायचं, अशी तिथे प्रवाशांची रीत. एक बाई दिवा घेऊन मागेच लागली. विभा तिला मराठीत म्हणाली, ‘मला कोणाकडे काही मागायचं नाही, बाई. नुसता बघते.’ आणि दोन उकडलेली कणसं खाल्ली. दोन. डॉक्टरांना मी एकच सांगितलं.

तर मुग्धा, तिला नेलं ते बरोबर केलं. पुन्हा विचारलंस तर पुन्हा नेईन. आणि आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र. रुखवत तिचं तिला परत दे. त्या नाशिकच्या बाईंना काय सांगायचं ते सांग, वाटल्यास माझ्या नावावर खपव. फोन करून तिला म्हण, ‘ताई, मला जमत नाहीये, तूच बघ.’ दमली तर दमू दे. तिच्या हाताला मार्गशीर्षापर्यंतचं, लग्नाच्या दिवसापर्यंतचं काम हवंय.

शुक्रवारी ऑफिस बारालाच सुटतं, मी लवकर घरी आलो. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती आरशासमोर ते मोरपंखी ब्लाऊज घालून उभी होती आणि पाठीमागे हात नेऊन कापड चिमटीत धरून बघत होती. होई आनला चार बोटं जात होती, आता मूठ जात होती. मी पाऊल न वाजवता बाहेर गेलो आणि खिशात किल्ली असताना बेल दाबली. तिने दार उघडलं, म्हणाली, ‘किल्ली विसरलात?’ मी हो म्हणालो. बुधवारी तपासणी आहे. ती अजून वाळत चाललीय हे तिला कळलंय, आणि मला कळलंय हे तिला माहीत नाही. मुग्धा, मला भीती वाटते.

अंगठा पाठवलास तरीही तुझाच,
सूर्यकांतभाऊजी