पूर्णपणे अवलंबून

३ ऑगस्ट, रविवार

विहारातून आले तर पल्लवी माझ्या खुर्चीवर बसलेली, लॅपटॉप मिटून. ही पोरगी हातातलं काम बाजूला ठेवून अशी बसली की काहीतरी मागायचं असतं, हे मी तिच्या शाळेपासून ओळखते.

"आई, स्पेनले जायचं म्हणतो."

"फिरायले?"

"राह्यले. एक वर्ष. मंग वाढवता येते."

नोकरी सोडायची नाही. जर्मनीतली कंपनी तीच, काम तेच, फक्त लॅपटॉप वर्ध्याऐवजी तिकडं समुद्रकाठी उघडायचा. घरून काम करणाऱ्यांसाठी तिथं वेगळा व्हिसा आहे म्हणे. तिचं काम म्हणजे ॲप लोकांच्या हातात पडायच्या आधी त्यातल्या चुका शोधणं. त्याचा पगार मिळतो. माझ्या सासूबाईंनी हेच काम जन्मभर फुकटात केलं.

मी म्हटलं, काम कुठूनबी होते त वर्ध्याहून काऊन नाई?

"पाच वर्षं वर्ध्याहूनच त करून राह्यली ना."

मी गॅसकडे वळले. वांगी जरा करपली.

५ ऑगस्ट, मंगळवार

बी.पी. ठीक.

अर्धी गोष्ट परवा कळली होती, उरलेली आज. एकटी नाही जायचं, मलाही न्यायचं. त्या व्हिसावर नवरा-मुलांसारखं आईवडिलांनाही नेता येतं. "तू येशीन तरच जातो. तुले इथं एकटी टाकून नाई जात."

मी एकटी! हिंगणीच्या उपकेंद्रावर, बोरचं जंगल पाठीशी घेऊन वर्षानुवर्षं राहिलेली नर्सबाई मी. ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि गिळलं. चौतीस वर्षांची झाली, आतापर्यंत जे मागितलं ते कशासाठी तरी मागितलं, फीसाठी, पुस्तकांसाठी. स्वतःसाठी हे पहिलंच.

विचारलं, तिथं असं काय आहे? म्हणाली, "इथं कोपऱ्यावर जरी गेलं तरी लोक इचारते, कुठं चालली, अन् लग्नाचं काय झालं. मले एकदा अशा गावात राह्यचं हाय जिथं कोनी काई इचारत नाई."

मोबाईलवर नकाशा दाखवला. वॅलेन्सिया. समुद्र अगदी गावाला चिकटलेला. मी समुद्र एकदाच पाहिला, ट्रेनिंगच्या वेळी. ओहोटी होती. नुसता चिखल.

हो म्हटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कागद गोळा करणं चालू. तिकडची एक वकीलबाई पल्लवीनं ऑनलाइन धरली आहे, ती सांगेल तसं. आज माझ्या सहीचा मसुदा आला. पल्लवीनं मराठी करून वाचून दाखवला.

'मी, खाली सही करणारी, माझ्या मुलीवर पूर्णपणे अवलंबून असून मला उदरनिर्वाहाचे दुसरे साधन नाही.'

म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

"अन् माही पेन्शन? ते काय शेजारनीची येते?"

"आई, तिकडच्या मानानं ते काईच नाई. नुसती सही त हाय."

नुसती सही. पल्लवी तीन वर्षांची असताना तिचे बाबा गेले. दीर म्हणाले होते, वहिनी, कायले नोकरी पाहता, दोन घास आमच्यातच खा. वाईट मनानं नाही म्हणाले. पण त्या दोन घासांची मला अशी भीती बसली की महिन्याभरात पोरगी आणि ट्रंक घेऊन हिंगणीला हजर झाले. तेव्हापासून कुणाच्या ताटात हात घातला नाही. पल्लवी कमवायला लागली तरी घरातला किराणा माझाच. ती भांडते, मी ऐकत नाही.

म्हटलं, 'पूर्णपणे' काढून टाक, मग करते सही. पल्लवीनं वकीलबाईला विचारलं. उत्तर आलं, तोच शब्द महत्त्वाचा, त्याशिवाय आईला नेता येत नाही.

कागद फ्रिजवर ठेवला आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं.

पल्लवीला पोलिसांचा दाखला लागतो. त्याच्या चौकशीला शिपाई आला, साध्या कपड्यांत, आणि आधी शेजारच्या ढोले वहिनींकडे गेला. अनोळखी माणूस पोरीबद्दल विचारतो आहे म्हणजे स्थळाकडून आला असणार, असं धरून वहिनींनी जी सुरुवात केली! मी कुंपणाशी कोथिंबीर खुडत सगळं ऐकत होते.

"पोट्टी लय गुनाची हाय बाप्पा. बाहेर पाय ठेवत नाई. नोकरी नाई, काई नाई, दिवसभर घरातच. आईच्या पेन्शनीत भागते दोघीचं. तुमचा मुलगा काय करते?"

शिपाई आमच्याकडे आला तो गोंधळूनच. चहा घेता घेता म्हणतो, "मॅडम, शेजारच्या त म्हंते नोकरीच नाई. मंग स्पेनले जाता कायले?" पल्लवीनं कंपनीचं पत्र दाखवलं. त्यानं वाचलं, मान हलवली, दोनदा विचारलं की ऑफिस नेमकं कुठं आहे. "हे काय, इथं," म्हणून तिनं जेवायचं टेबल दाखवलं.

शिपाई गेल्यावर मी म्हटलं, साऱ्या गल्लीले माहीत हाय कोन कोनावर अवलंबून हाय ते. वकीलबाईले म्हनाव, ढोले वहिनीले फोन कर.

पल्लवी हसली, पण पुरती नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

वकीलबाई व्हिडिओवर आली. मी खळ केलेली पांढरी साडी नेसून बसले. वकीलबाई म्हणजे पल्लवीच्याच वयाची मुलगी, केस वर बांधलेले, मागं कुंडीत कसलंसं झाड. गोड बोलते. व्हिसा देणारे अधिकारी मला काय विचारू शकतात त्याची तयारी करून घ्यायची होती. ती इंग्रजीत विचारणार, पल्लवी मराठीत सांगणार. पल्लवीनं बजावलं होतं, "आई, थोडकंच बोलजो."

नाव, वय झालं. मग बाईनं विचारलं, तुम्हाला कोण सांभाळतं? पल्लवीनं मराठी करायची वाटच पाहिली नाही मी. एवढं इंग्रजी दवाखान्यात उभा जन्म गेल्यावर येतंच.

"आय ॲम पेन्शनर. आय लुक आफ्टर हर."

पल्लवीनं डोळे मिटले. वकीलबाई आधी हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, हे असं तिथं बोललात तर तुमचाच नाही, मुलीचाही अर्ज अडचणीत येईल.

मी विचारलं, माझ्या स्वतःच्या नावानं काही व्हिसा नाही का? आहे म्हणे, निवृत्त लोकांसाठी. पण पेन्शन माझ्या कितीतरी पट हवी. म्हणजे अवलंबून म्हणावं तर पेन्शन आडवी येते आणि स्वतंत्र म्हणावं तर पुरत नाही.



१३ सप्टेंबर, शनिवार

"नाई जात मी. संपला विषय." एवढं बोलून पल्लवी कामाला बसली. दिवसभर कानात ते हेडफोन.

दुपारी पडल्या पडल्या हिंगणीची पहिली संध्याकाळ आठवली. ट्रंक उपकेंद्रात टाकली, पोरीला कडेवर घेतलं आणि उगाच गावातून एक चक्कर मारून आले. मला कोणी ओळखत नव्हतं. कोणाची सून, कोणाची विधवा, कोणाला काही ठाऊक नव्हतं. किती हलकं वाटलं होतं. चार दिवसांत सगळं गाव नर्सबाई, नर्सबाई करायला लागलं ती गोष्ट वेगळी. पण ती संध्याकाळ माझी होती.

पल्लवीला तेवढंच हवं आहे. ते मला कळतं आणि तरी माझा हात त्या कागदावर जात नाही. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

उद्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. किती दिवस पुढं ढकलत होते. पल्लवीनं माझ्याकडं न बघताच तारीख घेतली. डाव्या डोळ्याचं नंतर.

भीती नाही. लोकांचे डोळे तपासायला शिबिरात मीच रांगा लावायची. स्वतः रांगेत बसायचं म्हणजे चमत्कारिक वाटतं, इतकंच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मध्ये लिहिलं नाही. आधी पट्टी, मग काळा चष्मा, आणि वाचायला-लिहायला मनाई. मनाई करणारी घरातच.

पल्लवीनं रजा काढली. दिवसातून किती वेळा थेंब टाकायचे ते भिंतीवर चिकटवलं. मी सांगत होते, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नको, हात आधी धू. तर म्हणते, "सिस्टर, पेशंटनं गप पडून राह्यचं असते."

वरण पातळ. पोळ्यांना आकार नाही. मी बोलले नाही. (एकदाच बोलले.)

डोळ्यात पाणी जायला नको म्हणून मला मागं मान टाकून बसवलं आणि केस धुतले. नखं कापली. माझी नखं दुसऱ्या कोणी कापली असतील ती माझ्या आईनं. मी इतक्या बाळंतिणींना न्हाऊ घातलं, पण कोणाच्या हाताखाली मान सैल सोडून बसणं किती अवघड असतं ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मान ताठच. पल्लवी म्हणाली, "सोड ना व आई, मी धरलं हाय." मग हळूहळू सोडली.

दसऱ्याला विहारातल्या सगळ्या बाया पांढरं नेसून नागपूरला गेल्या. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरी. रुखरुख लागली. पल्लवी जवळ बसून राहिली, मोबाईल पाहायला मला मनाई, म्हणून तिथली गर्दी नुसती सांगत होती.

बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी फ्रिजवरचा कागद काढला, सही केली आणि तिच्या लॅपटॉपवर ठेवला.

तिनं पाहिला. हातात घेतला.

"आई, हे खोटं हाय."

"मांगचे पंधरा दिवस त खरं होतं."

"पंधरा दिवसाचा व्हिसा नाई देत ते."

दोघी हसलो. मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "तू ताठ मान करून बसलती ना, केस धुताना, तवा मले कळलं तुले हे लिहायले सांगनं म्हंजे काय. तुह्याकडून असं लिहून घेऊन मी तिथं समुद्र पाहत बसू?"

"मंग तू एकटी जाय. मी येईन फिरायले."

"अन् डावा डोळा? तवा थेंब कोन टाकनार? ढोले वहिनी?"

म्हणजे आता मी सही करून बसले आहे आणि तिला ती नको आहे. आमच्या घरात दोघींचं एकाच वेळी एकमत झालं असं कधी झालंच नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मुंबईला व्हिसाचा अर्ज द्यायची तारीख मिळाली, उद्याची. पल्लवीनं दोन फायली केल्या आहेत. एक दोघींची, एक तिची एकटीची. दोघींची दिली तर माझं बोलावणं नंतर येईल. कोणती द्यायची ते ठरलेलं नाही. ठरवू ठरवू म्हणता गाडीचा दिवस आला.

तिखट पुऱ्या आणि ठेचा दिला. ऑटोनं स्टेशनवर सोडायला गेले. उजव्या डोळ्यानं आता सगळं लख्ख दिसतं, पोरीच्या कपाळावरचे दोन पांढरे केससुद्धा. कधी आले कोण जाणे.

डब्यात चढताना म्हणाली, "आई, कोनती देऊ?"

"आधी जागेवर बस. सामान पाह्य."

गाडी सुटली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कुकर लावला होता तेवढ्यात फोन.

"आई, आता नंबर लागते माहा. मोबाईल बंद करा म्हंते. लवकर सांग, कोनती?"

जन्मभर मीच लोकांना सांगत आले. गोळी घे, बाळाला अंगावर पाज, सासूचं ऐकू नको, आत्ताच्या आत्ता वर्ध्याला ने. हिलाही सांगायला उत्तर तयार होतं. तुझी एकटीची दे, जा बाई, माझं मी पाहते. जिभेच्या टोकावर होतं.

म्हटलं, "तू ठरव."

"आई, असं काय करतं व? तू सांग ना."

"नाई. तू जे करशीन ते मले चालते. मी तुह्यावर सोडलं."

पलीकडे कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"खरंच?"

"खरंच. पूर्णपणे."

हसली की रडली ते कळलं नाही, फोन बंद झाला.

दुपार झाली. अजून फोन नाही. वरण-भात झाला आहे, वाढून घेतलेला नाही. मोबाईल खुर्चीच्या हातावर ठेवून बसले आहे.