गोदावहिनींची कॅसेट

मी, शिवराम तानू घवाळी, वय ६३, टपाल वाटण्याच्या नोकरीतून निवृत्त, राहणार मौजे हातखंबा, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या धाकाने अगर भरीस पडून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे. डोके जाग्यावर आहे.

१. राहते घर, परसातील चार माड व फणस पत्नी चिमा हिला, तिच्या पश्चात मुलगी सावित्री हिला. चुलतभावाने बांध दोन वीत आत सरकवला आहे, हे मला ठाऊक आहे. तो त्याने खुशाल ठेवावा. फक्त माझ्या दिवसकार्यात पुढे पुढे करू नये.

२. सायकल काशीराम यास. गणपतीतल्या जाखडी नाचात तीस वर्षे त्याचा मृदंग आणि माझी पेटी. सायकलची चेन उतरते. सांगूनही तो तेल घालणार नाही.

३. कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांच्या डब्यात एक कॅसेट व एक पत्र आहे. दोन्ही माझी नाहीत. थोरले बंधू कै. धोंडू यांच्या पत्नी गोदावरीवहिनी यांची आहेत. त्यांना ती द्यावीत. का, ते लिहितो. लिहायची लाज वाटते, पण न लिहिता मरायची जास्त वाटते.

१९८१ च्या मे महिन्यात राजिवड्याचा आमचा दोस्त हारुन होडेकर कुवेतहून टेपरेकॉर्डर घेऊन आला. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीला कोकणातली गाणी हवी होती. आमच्या नाचातली गाणी वहिनीच रचत, भात लावता लावता. आम्ही पुरुष ती नाचात म्हणत असू. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव घालण्याची आमची रीत आहे. तिथे माझे नाव येई. बाईमाणसाचे नाव चारचौघांत कसे घ्यायचे, असे मीच ठरवले होते. वहिनींना कोणी विचारले नव्हते.

बाई नाचात उभी राहत नाही, पण हे टेप करायचे काम तर घरातले. हारुन म्हणाला, “जिचा गाना हाय, तिलाच गाऊ दे रे.” खिडक्यांना गोधड्या टांगल्या, कोंबड्या डालल्या, मृदंग लांब ओटीवर ठेवला. वहिनी माजघराच्या दारात बसून गायल्या. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. शेवटचे कडवे आले आणि त्यांनी म्हटले,

गोदा म्हणे, सखे बाई,
पाणी आलं काठाला.

वहिनी हसल्या आणि टेपकडे बघून म्हणाल्या, “आलं काय माजं नाव त्याच्यात?” मग हारुनने बटण बंद केले.

दुसऱ्या दिवशी टेप माझ्याकडेच होता. मी कॅसेट मागे नेली आणि त्या कडव्यावर माझ्या आवाजात भरले, ‘शिवा म्हणे, ऐका मंडळी’. घरच्या बाईचे नाव मुंबईभर नको, असे मनाला सांगितले आणि कॅसेट कंपनीला पाठवली. खरे म्हणजे लोक मला कवी म्हणत, ते जाईल ही भीती होती.

श्रावणात कंपनीचे पाकीट आले. वर लिहिले होते, ‘गायिका बाई, द्वारा शिवराम घवाळी’. बत्तीस वर्षांत मी कोणाचे टपाल दडवले नाही. हे एक दडवले. आत कॅसेट परत होती आणि पत्र होते. आवाज फार आवडला, शेवटचे कडवे कोणा पुरुषाने वरून भरलेले दिसते, ते संपल्यावर एक बाई विचारते की आलं काय माझं नाव. तरी ते नाव कळवावे व बाईंना घेऊन मुंबईस यावे. माझे कडवे संपताच मी घाईने बटण बंद केले होते आणि त्यांचा पुढचा प्रश्न टेपवर तसाच उरला होता.

वहिनींना वाचता येत नाही. मी सांगितले, “वयनी, कंपनीला आवाज नाय आवडला.” त्या म्हणाल्या, “बरं झालं, कळलं तरी,” आणि भांडी घासायला गेल्या. त्यानंतर त्यांनी एकही गाणे रचले नाही. नाचात अजून त्यांचीच जुनी गाणी होतात, माझ्या नावाने.

सदर वस्तू मी जिवंतपणी स्वहस्ते दिल्यास हे कलम रद्द समजावे. तेवढी हिंमत माझ्यात दिसत नाही.

४. पेटी नाचाच्या मेळ्यास. अट अशी की वहिनींच्या गाण्यात शेवटी त्यांचेच नाव घ्यावे. अट मोडल्यास चिमाने पेटी उचलून आणावी. ती आणेल.

पुरवणी. येथवर काल लिहिले. साक्षीला बोलावलेल्या हारुनने वाचले आणि सही करीना. म्हणाला, “मेल्यावर देनार? म्हंजे ती तुला काय बोलायला नको. लय हुशार हायेस.”

म्हणून आज सकाळी हारुन, काशीराम व मी वहिनींच्या ओटीवर गेलो. पत्र मी वाचले. कॅसेट हारुनने लावली. माझे कडवे संपले, खट्ट झाले, आणि आवाज आला, “आलं काय माजं नाव त्याच्यात?”

वहिनींनी चहा विचारला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ दे, भावजी. त्यानी नाव इचारल्यानी ना? मंग उत्तर लिवा.”

मी म्हटले, आठ वर्षे झाली, कंपनी आहे की नाही कोण जाणे. “तुमी लिवा.”

लिहिले. नाव : गोदावरी धोंडू घवाळी. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतले. पत्र टाकायला मी सवयीने हात पुढे केला. वहिनींनी पाकीट हारुनकडे दिले. म्हणाल्या, “तुमच्या हाती नको.”

कलम ३ रद्द. बाकी कलमे कायम.

ठिकाण : हातखंबा
दिनांक : १३ नोव्हेंबर १९८९

सही : शिवराम तानू घवाळी

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली :
१. काशीराम बाळू गोताड, हातखंबा
२. हारुन इस्माईल होडेकर, राजिवडा (पत्र टपालपेटीत टाकून आल्यावर सही केली)