आगाऊ ओवाळणी

करडी,
२२ सप्टेंबर २०२४

चि. इश्वर यास गोदावरीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही. सानगडीतली बाकी सारी कुजबुज ऐकू येते, मोठ्या बहिणीचा आवाज आला की कान बंद. म्हणून कागदावर लिहिते. तुझी सून दामिनी हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोरून हलणार नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

काल मी भंडाऱ्याला जाऊन फ्लूची सुई टोचून घेतली. माझ्या धनंजयने मला आणि शेजारच्या बेबीबाईला नेलं. ही बेबीबाई म्हणजे दारूबंदीच्या वेळी माझ्यासोबत काठी घेऊन भट्टीवर चालून गेलेली बाई. पण सुई पाहिली आणि तिने माझा पदर धरून डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच नर्सला विचारत राहिली की बाई, टोचणार कधी. नर्स म्हणाली की आजी, टोचून झालं, आता उठा, मागचे आजोबा ताटकळले. तरी ती उठेना. तिला वाटलं नर्स तिला फसवून राहिली. बाकावरचे सारे म्हातारे इतके हसले की एकाची कवळी निसटली.

आज दंड थोडा दुखतो. धानाच्या रोवणीच्या पहिल्या दिवशी कंबर दुखते, त्याच्या पावपटही नाही.

आता तुझं. तू सत्तरीचा झालास आणि मागच्या हिवाळ्यातल्या तापाने तुला महिनाभर खाटेवर पाडलं होतं. ही सुई अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, म्हणून ती मंडईच्या आधी हवी. तू म्हणशील की मंडई झाल्यावर पाहू. आपल्या झाडीपट्टीत सारं काही मंडई झाल्यावरच होतं. सोयरीक मंडई झाल्यावर, कौलं मंडई झाल्यावर, दुखरा दात मंडई झाल्यावर. पण दिवाळीनंतर गावोगावी मंडया भरतात, घरोघरी पाहुणे येतात, रात्रभर मांडीला मांडी लावून नाटकं पाहतात आणि त्याच गर्दीत हा ताप एका छातीतून दुसऱ्या छातीत जातो. तो काही मंडई झाल्यावर येत नाही. तो मंडईलाच येतो, न बोलावता.

साकोलीला कधी जातोस ते उलट टपाली कळव. माया आहेच, तिची परीक्षा पाहू नये.

तुझी,
गोदावरी

सानगडी,
३० सप्टेंबर २०२४

ती. बाईस इश्वरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दामिनीने मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा गोठ्यातल्या म्हशीने रवंथ थांबवला. सभा संपली असं समजून तिने मग शेपूट हलवलं.

इकडे सारं ठीक. धान निसवलं आहे, पाऊस बेताचा राहिला तर पीक चांगलं येईल.

बाई, तू सुई घेतलीस, बरं झालं. मले सांगू नको. मागच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दंडारीचा ढोलकीवाला सुखराम याच सुईसाठी साकोलीला गेला होता. सकाळी आपल्या पायाने बसमध्ये चढला. संध्याकाळी घरी आला, रात्री अंग तापलं आणि आठ दिवसांत गेला. मी त्याच्या उशाशी बसलो होतो. चाळीस वर्षं मंडईच्या रात्री दंडारीचा खेळ सुरू होताना मी नमन म्हटलं आणि त्याने ढोलकी वाजवली. माझा श्वास कुठे संपतो हे त्याच्या बोटांना माहीत होतं. तू पुस्तकं वाचली आहेत, मी सुखराम पाहिला आहे.

गावात साऱ्यांचं हेच म्हणणं आहे. आमच्या दंडारीतला एकही म्हातारा सुईचं नाव काढत नाही. आणि आपण पिकलं पान, गळायचं तेव्हा गळणारच. मरण आपल्या दाराशी येईल तेव्हा येईल, त्याला आणायला साकोलीची बस कायले धरू?

भाऊबीजेला करडीला येतो. साडी कोणत्या रंगाची हवी तेवढं कळव. रागावली असशील तरी आशीर्वाद थांबवू नको.

तुझा,
इश्वर

सानगडी,
२ ऑक्टोबर २०२४

ती. आत्याबाई यांस दामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मामाजींनी तुम्हाला पत्र लिहिलं, पण त्यात एक गोष्ट लिहिली नाही, म्हणून मी लिहिते.

मागच्या तापानंतर त्यांचा श्वास पुरत नाही. नमनाची दुसरी ओळ म्हणताना मधेच तुटतो. पूर्वी त्यांचा आवाज गावच्या किल्ल्यापर्यंत जायचा. आता कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून गोठ्याच्या मागे जाऊन म्हणतात. मी शेण काढायच्या निमित्ताने उभी राहते. ओळ तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

साकोलीच्या डॉक्टर रश्मीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की छाती हळूहळू भरून येईल, नमनही म्हणतील, पण या वर्षी पुन्हा तसाच ताप आला तर ती छाती सोसणार नाही. हे मी मामाजींना सांगितलं. ते म्हणाले की डॉक्टरीणबाईला दुकान चालवायचं असते.

तुम्हीच काही करा. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका, नाहीतर माझ्या हातचा चहा बंद होईल.

तुमच्या मायेची आस असलेली,
दामिनी

करडी,
६ ऑक्टोबर २०२४

चि. इश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र म्हशीपासून लांब बसून वाच. तिचं दूध आटायला नको.

सुखराम माझ्याही डोळ्यांसमोर आहे. तो मला बाई म्हणायचा, माझ्या हातचे वडे मोजून खायचा. म्हणूनच त्याच्या नावावर खोटी गोष्ट चालू देणार नाही. तो सुई घ्यायला गेला कधी? मंडईची रात्र जागून काढल्यावर. त्या रात्री अर्धं गाव खोकत होतं. मी पैज लावते की सुई त्याच्या दंडात गेली तेव्हा रोग आधीच छातीत बसला होता. बांधीत तुडतुडा शिरला, धान करपायला लागलं आणि मग तू फवारणी केलीस. धान गेल्यावर तू काय म्हणतोस? तुडतुड्याने खाल्लं म्हणतोस. औषधाने जाळलं असं म्हणत नाहीस. मग माणसाच्या बाबतीत तुझी शेतकऱ्याची अक्कल कुठे चरायला जाते?

तुझ्या म्हशीला खुरकुताची लस चुकत नाही. डॉक्टर यायच्या आधी तू तिला दोर लावून दारात उभी करतोस. ट्रॅक्टरला वेळेवर तेल पाजतोस. आणि या घरासाठी सत्तर वर्षं राबलेल्या देहाची पाळी आली की पिकलं पान. हा शब्द मला नको. आपण म्हाताऱ्यांनीच तो आपल्या तोंडाने म्हणायचा आणि लोकांनी मान डोलवायची, कारण पानासाठी कोणाला काही करावं लागत नाही. इश्वर, आपण पान नाही. आपण जिवंत माणसं आहोत, आपल्याला अजून गायचं आहे, भांडायचं आहे, नातवंडांची लग्नं बिघडवायची आहेत. आपण जगावं असं आपल्यालाच वाटलं नाही, तर सरकारला, पोरांना आणि डॉक्टरला ते कोणत्या तोंडाने मागायचं?

आता ओवाळणीचं. जन्मभर तू साडी दिलीस, मी नेसले. काही तर अगदी वाईट होत्या, त्याही नेसले. या वर्षी साडी नको. साडीच्या किमतीत सुई येते. ती तुझ्या दंडात हवी, आणि भाऊबीजेच्या दिवशी नको, आगाऊ हवी, कारण तिला मुरायला वेळ लागतो. ओवाळणी दिली नाहीस तर मी ओवाळीन, बहीण आहे मी. पण तुमच्या मंडईला येणार नाही. ज्या मांडवात माझा भाऊ मरण अंगावर घेऊन नमन म्हणेल, तिथे मी टाळी वाजवायला बसणार नाही.

मायेत काही कमी नाही. पण हट्टातही नाही.

तुझी,
गोदावरी

सानगडी,
१७ ऑक्टोबर २०२४

ती. बाईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण मधे काही घडलं आणि आता तुला सांगितल्याशिवाय जेवण जाईना. आधी एक विचारतो. तू सुखरामच्या चंद्रकांताला भेटलीस काय, की निरोप धाडला?

दसऱ्याला वाद्यांची पूजा करून दंडारीची तालीम सुरू करायची, ही आमची रीत तुला ठाऊक आहे. ढोलकी ज्याच्या घरी असते त्याच्या दारी साऱ्यांनी जायचं, नारळ ठेवायचा आणि ती मागायची. सुखराम असताना तो आधी आम्हाला शिव्या द्यायचा आणि मग ढोलकी. या वर्षी आम्ही सहा म्हातारे गेलो तेव्हा दारात त्याची बायको चंद्रकांता उभी होती. ढोलकी वाजवणार होता तिचा मुलगा कुलदीप. पण वस्तू तिच्या घरातली, मागायची तिलाच.

मी नारळ ठेवला. ती म्हणाली की नारळ उचला. आम्हाला वाटलं, दुःख ताजं आहे, ढोलकी बाहेर काढायची तिची इच्छा नसेल. मी म्हटलं की वहिनी, तुमची मर्जी नसेल तर साकोलीहून दुसरी आणतो. तेव्हा ती बसली आणि तिने जे सांगितलं ते आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं.

मंडईच्या आदल्या दिवसापासूनच सुखरामचं अंग तापून राहिलं होतं. ती म्हणाली की आज ढोलकी राहू द्या. तो म्हणाला की इश्वरचं नमन ढोलकीशिवाय कसं होईल, आणि गोळी खाऊन बसला. रात्रभर वाजवलं. सकाळी गोळीने ताप उतरला होता तेवढ्यात साकोलीला जाऊन डॉक्टरीणबाईला खोटं सांगितलं की अंग एकदम चांगलं आहे. कायले गेला, तर छाती दुखू लागली होती आणि सुईने बरं होईल असं त्याला वाटलं. ही गोष्ट वर्षभर ती बोलली नाही, कारण तिला कोणी विचारलंच नाही. सारे येऊन तिलाच सांगत राहिले की सुईनं मारलं.

मग ती म्हणाली की तुमच्या नमनासाठी माझा माणूस तापात बसला, त्याच्या नावाने तुम्ही घरात दडून बसता काय. ढोलकी देते, पण सहाही जणांनी आधी दंडाला सुई टोचून यावं. नाही तर खुंटीवरची वस्तू खुंटीवर राहील.

 मी खाली पाहिलं तर माझ्याच हातात तो नारळ.

परवा आम्ही सहाही जण साकोलीला गेलो. चंद्रकांता सोबत होती, साठी तिचीही उलटली आहे. दवाखान्यात पोचताच आमच्यातले दोघे बाहेर पानठेल्यावर मागे राहिले. ती त्यांना बकऱ्यांसारखं हाकत घेऊन आली. डॉक्टर रश्मीबाईंनी प्रत्येकाला ताप पाहून, खोदून खोदून विचारलं. खोटं बोलायची सोय नव्हती, चंद्रकांता बाजूला उभी होती. मी विचारलं की ही दरवर्षी कायले घ्यायची, एकदा घेतली की जन्माची का होत नाही. त्या म्हणाल्या की हा रोग दरवर्षी सोंग बदलून येतो. हे मले एकदम पटलं. चाळीस वर्षं सोंगाड्यांतच काढली आहेत.

पहिला दंड चंद्रकांताने पुढे केला. दुसरा मी. मुंगी चावली असं लिहिणार होतो, पण मुंगी जास्त चावते.

रात्री थोडी कणकण आली. मी जागा राहून सुखरामची वाट पाहिली. सकाळी उठून दोन भाकरी खाल्ल्या.

ओवाळणी पोचली असं समजावं आणि राग सोडून द्यावा.

तुझा,
इश्वर

करडी,
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दामिनीस आत्याबाईचे आशीर्वाद. वि. वि.

इश्वर आज सकाळी इथून निघाला. तो तुझ्याकडे पोचायच्या आधी हे पत्र पोचणार नाही, तरी लिहिते, कारण तो तुला नीट सांगणार नाही.

चंद्रकांताला मी सुखरामच्या तेराव्यानंतर भेटलेही नाही, हे त्याला शपथेवर सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. म्हणाला की तुम्ही साऱ्या बायका एकाच शाळेत शिकता. मला त्याचा रागही आला नाही. मी आयुष्यभर सभांत माईकवर बोलले आणि एवढी मोठी गोष्ट त्या बाईने उंबऱ्यात बसून केली.

काल पाटावर बसला. मी कुंकू लावलं, दिवा फिरवला. ताटात काही टाकायची वेळ आली तेव्हा त्याचा हात खिशाकडे गेला नाही. त्याने नवीन सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि दंड दिव्याच्या उजेडात धरला. तिथे आता काही खूणसुद्धा नव्हती. धनंजय हसत होता. मला काही दिसेना, म्हटलं वातीचा धूर लागला.

मंडईला मी येते. मला पुढची जागा ठेव. तुझा चहा शाबूत आहे, मी काही बोलले नाही.

तुझी,
आत्याबाई

सानगडी,
१९ जानेवारी २०२५

ती. बाईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू मंडईहून परत गेल्यावर पत्र लिहायचं राहून गेलं. धानाची मळणी झाली, आता मोकळा आहे.

ताप या वर्षीही आला. डिसेंबरात घरोघरी खोकला होता. मलाही चार दिवस झाला. मी साकोलीला जाऊन डॉक्टरीणबाईशी भांडलो की सुई घेऊनही खोकला काहून आला. त्या म्हणाल्या की ही सुई ताईत नाही, ढाल आहे. वार लागला, पण तुम्ही भांडायला आपल्या पायाने आलात ना. पाचव्या दिवशी मी बांधावर होतो. आम्हा सहांपैकी एकही खाटेवर पडला नाही. आता गावातले बाकीचे म्हातारे दंडारीत नाव लिहायला येऊन राहिले, गाता येत नाही तरी. त्यांना वाटते सुई फक्त दंडारीवाल्यांना मिळते. आम्ही अजून खरं सांगितलं नाही.

मंडईच्या रात्रीचं तू पाहिलंसच. पण तू पुढे बसली होतीस म्हणून तुला चंद्रकांता दिसली नसेल. ती मांडवाच्या खांबाशी उभी होती. कुलदीपने ढोलकीवर थाप दिली, मी पहिली ओळ म्हटली आणि दुसरी ओळ धरली, तिथेच तुटते हे मला ठाऊक होतं. दामिनीलाही ठाऊक असावं, कारण तिने तोंडाला पदर लावला होता. ती गोठ्यामागे एवढं शेण कोणतं काढते, हे मला केव्हाच कळलं होतं. तर बाई, ओळ तुटली नाही. शेवटपर्यंत गेली, आणि किल्ल्याकडून परत आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ढोलकी परत ठेवायला गेलो आणि तिथेच नवीन रीत ठरवली. यापुढे सुई मंडई झाल्यावर नाही. पोळ्याला बैल सजले की दुसऱ्या आठवड्यात म्हाताऱ्यांचे दंड. तेव्हा पुढच्या भाऊबीजेची ओवाळणी तुला मागावी लागणार नाही, आणि साडीही मिळेल, रंग मीच निवडीन.

निघताना मी चंद्रकांताला म्हटलं की वहिनी, पुढच्या दसऱ्याला नारळ घेऊन येतो. ती ढोलकी खुंटीला लावत होती. मागे न पाहता म्हणाली की नारळाचं पाहून घेऊ, बाही वर करून या.

आशीर्वाद दरवर्षी ताजा धाडत जावा.

तुझा,
इश्वर