आरशातून आलेली गाडी

माझ्या बाकमित्रा,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकले तेवढा). तू, तुझा चष्मा आणि तुझा खोकला, तिघंही खुशाल असाल. परवा माझ्या गाडीत मागच्या सीटवर तू इतका गाढ झोपला होतास, की धक्का बसल्यावर "आलं का घर?" एवढंच विचारून उतरलास आणि तंद्रीतच बस पकडून गेलास. तेव्हा काय घडलं ते तुला कळवायला हवं.

त्या संध्याकाळचं ऊन अगदी आपल्या चौथीच्या वर्गातलं होतं. असंच ऊन फळ्यावर यायचं आणि गुरुजी नदीची कविता म्हणायला लावायचे (तू नुसते ओठ हलवायचास, मला ठाऊक आहे). तीच मी म्हणत होतो. दुसऱ्या कडव्याला समोरून एक गाडी आली. माझ्या गाडीसारखीच जुनी, फिकट निळी. आणि चालवणारे गृहस्थही काहीतरी गुणगुणत होते. मला भरून आलं. अशी माणसं अजून आहेत तर! मी मान लववली, त्यांनीही लववली. मी हॉर्न दिला. पण वाट काही त्यांनी दिली नाही. मग खळ्ळकन आवाज झाला. फर्निचरवाल्यानं आरशाचं नवंकोरं कपाट दुकानाबाहेर मांडून ठेवलं होतं.

मी निर्धास्त होतो. विमा आहे ना! पण विमा कंपनीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, विमा चालू आहे हो, गाडीच्या तपासणीची मुदत मात्र हिवाळ्यातच संपलीय." (मला वाटे, दुखलंखुपलं तर डॉक्टर. गाडी कधी कण्हलीसुद्धा नव्हती.) पुढे म्हणाली, ब्रेक खराब म्हणून धडकला असाल तर भरपाई अडेल, ब्रेक ठीक होता आणि तुमचंच लक्ष नव्हतं, तर मिळेल.

खरी गोम इथेच आहे. घरी मी सगळं ब्रेकवर ढकललंय. लेकीनं दारातच विचारलं होतं, "बाबा, ब्रेक गेला होता, की तुम्हीच कुठे गेला होतात? परत तंद्री लागली असेल तर किल्ली आईकडे!" म्हणजे कंपनीत वेंधळा ठरलो नाही तर कपाट गळ्यात, आणि घरी ठरलो तर गाडी गेली. गाडी गेल्यावर कविता म्हणू कुठे? घरात सूर लावला की टीव्हीचा आवाज वाढतो. ब्रेक बिचारा निर्दोष आहे रे. मी तो दाबलाच नव्हता.

तुझा,
नदीकाठचा

ता. क. कंपनीला गाडीतल्या सोबत्याची साक्ष हवी आहे. खरं तेच लिही: तू झोपेपर्यंत ब्रेक उत्तम लागत होता आणि मी कवितेत होतो. फक्त कागद घरी नको, वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव.

ता. क. दुसरा. भाऊजी, पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी आठवड्यापूर्वी माझ्याच हाती दिलं, तेही पाकीट न चिकटवता. साक्ष खुशाल घरच्या पत्त्यावर पाठवा. गाडी तपासणीला गेली आहे आणि मी गाडी शिकायला. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, हात बसतोय. ह्यांना शेजारी बसवीन. सगळी कडवी म्हणू देत, पुढचा रस्ता मी बघेन.