उजवी बाजू घरी जुळवतो

२३ जानेवारी, गुरुवार
नवी वही. म्हणून आधी नोंद. आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी : मोटार रिवाइंडिंगचं मशीन (सायकलच्या चाकापासून, अजून चालू). गच्चीवरचा सोलर बंब. जिन्याचं रेलिंग. हर्षालीचा पाळणा. सिन्नरला मेहुण्याच्या कांदाचाळीचा पंखा. हर्षालीचे केस, पहिली ते चौथी. माझे स्वतःचे केस, बावीस वर्षं, तीन आरशांच्या स्टँडसमोर बसून. (स्टँडही मीच केला.) कोर्स एकही नाही. सगळं बघून बघून.

हर्षालीचा पुण्याहून फोन आला. साखरपुडा २ तारखेला, रविवारी. म्हणाली, पप्पा, हॉल आणि जेवण आई बघतेय. तुम्ही एकच करा, या वेळी कटिंग बाहेर करा. चांगल्या ठिकाणी, अपॉइंटमेंट घेऊन. चौथीच्या ग्रुप फोटोत कपाळावरचे तिरके केस लपवायला मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले होते, आठवतंय ना?

केस तिरके नव्हते. कॅमेरा तिरका होता. तरी शब्द दिला. दहा दिवस आहेत. भरपूर.

२४ जानेवारी, शुक्रवार
सलूनचा सर्व्हे सुरू. बिल्डिंगखाली गोरक्षचं दुकान आहे, तिथूनच सुरुवात केली. आरसा डावीकडे चार मिलिमीटर उतरलेला. स्पिरिट लेव्हल लावून दाखवला. गोरक्ष म्हणाला, काका, आरसा वाकडा हाय, कात्री नाय. बसा.
बसलो नाही. लेकीच्या साखरपुड्याला अंदाजपंचे चालत नाही.

२६ जानेवारी, रविवार
सात सलून झाली, द्वारका चौकापासून गंगापूर रोडपर्यंत. रकाने : कात्रीची धार, खुर्ची, टॉवेल, कारागिराचे स्वतःचे केस. एका ठिकाणी विचारलं, साहेब, महापालिकेकडून आलात का? मी नाही म्हणालो नाही. चहा मिळाला.
पहिला नंबर कॉलेज रोडच्या सलूनचा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, आत्ता खुर्ची रिकामी आहे, बसता का? म्हटलं, अपॉइंटमेंट घेऊनच येईन. शब्द म्हणजे शब्द.

संध्याकाळी सौ. प्रतिभाबरोबर मेन रोडला. मानाच्या टॉवेल-टोप्या घेतल्या. आपण व्याह्यांच्या डोक्यावरची टोपी उतरवून आपली नवी घालायची, ते आपली उतरवून त्यांची घालणार. अशी रीत. प्रत्येक टोपीची शिवण तपासली. अकरापैकी चार परत केल्या. दुकानदार म्हणाला, वहिनी, पुढच्या वेळी तुम्ही एकट्या या.

२७ जानेवारी, सोमवार
बुकिंगला बसलो. आज सलून बंद. प्रतिभा कॅलेंडर घेऊन शेजारी. मंगळवारी आपल्यात केस कापत नाहीत. बुधवारी अमावस्या. गुरुवारी तिचा उपवास. शनिवारी डोक्याला लोखंड लावायचं नाही. राहिला शुक्रवार. ती म्हणाली, मागचा शुक्रवार होता, कालचा रविवार होता, तेव्हा काय झालं होतं? म्हटलं, तेव्हा सर्व्हे चालू होता.
ओटीपी तीनदा चुकला. चौथ्यांदा ब्राइडल मेकअपचं बुकिंग झालं. रद्द केलं. शेवटी पक्कं : शुक्रवार, ११.००, अमोल, सीनिअर स्टायलिस्ट.
एकच दिवस आहे, पण नेमका आहे. नेमकं काम फसत नाही.

२९ जानेवारी, बुधवार
अमोलसाठी माझ्या डोक्याचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने, वरून. मापं मिलिमीटरमध्ये. झेरॉक्स दोन.

३१ जानेवारी, शुक्रवार, दुपारी १.१५
१०.३५ लाच पोचलो होतो. हे आधी लिहून ठेवतो.
अमोलने ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, सर, हा घराचा प्लॅन आहे का? समजावलं. डावी बाजू त्याने उत्तम केली, मान्य करतो. पण खुर्ची बसत चालली होती. मिनिटाला सहा मिलिमीटर. म्हटलं, ऑइल सील गेलंय. अमोल म्हणाला, सर, शेजारच्या खुर्चीवर या ना. पण दोष दिसल्यावर उठून दुसरीकडे बसणं माझ्या स्वभावात नाही. स्कूटरच्या डिकीतून पाना आणला. ऑइल थोडं सांडलं. थोडं म्हणजे दारापर्यंत.
मालकीण दीपमाला मॅडम आल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही कटिंगला आलात की सर्व्हिसिंगला? वेटिंगमधले सगळे हसले.
मी पाना पुसला, गळ्यातलं कापड सोडलं, निघालो. अमोल पायऱ्यांपर्यंत मागे आला. सर, सर, उजवी बाजू! म्हटलं, उजवी मी घरी जुळवतो. डावी सॅम्पल म्हणून आहेच.

१ फेब्रुवारी, शनिवार
काल रस्त्यावर लोक उजवीकडून एक बघत होते, डावीकडून दुसरंच. कालच केलं असतं, पण कात्रीला धार नव्हती. आज धार लावली, तर प्रतिभा म्हणाली, शनिवार आहे, हात लावलात तर बघा. उद्या तुमच्या लेकीचा दिवस आहे, तेवढं तरी कळतंय ना?
हात लावला नाही. दिवसभर कानटोपी.
हर्षाली दुपारी आली. पप्पा, अपॉइंटमेंट झाली? म्हटलं, झाली. खोटं काही नाही. मग दाखवा ना. म्हटलं, सर्दी आहे, उद्याच बघ. एवढी खूश झाली. म्हणाली, उद्याच्या फोटोत तुम्ही पुढच्या रांगेत, माझ्या शेजारी. मी फोटोग्राफरला सांगून ठेवलंय.

२ फेब्रुवारी, रविवार
पहाटे ५.१०. सुरुवात. हात स्थिर.
५.३०. उजवी दोन मिलिमीटर जास्त गेली. डावी तिला जुळवतो.
५.४५. आता डावी जास्त गेली. उजवी पुन्हा.
५.५५. तीन आरशांत तीन वेगळी माणसं दिसतात. एकही ओळखीचं नाही.
६.०५. उजव्या कानाच्या वर कातडी दिसते. रुपयाएवढी.
६.१०. दहाच्या नाण्याएवढी.
६.१२. देवा.
६.२०. मार्ग सापडला! दादांची, म्हणजे वडिलांची, पांढरी टोपी. शुभकार्यात टोपी शोभतेच. आधी कसं सुचलं नाही?
६.३५. दूध आणायला खाली गेलो. गोरक्ष शटर उघडत होता. त्याने टोपीकडे पाहिलं नाही, सरळ कानाकडे पाहिलं. म्हणाला, काका, दहा मिनिटं द्या. समदं बारीक करून एकसारखं करतो. दुकानात लाज वाटत असंल तर वर घरी येतो. म्हटलं, गरज नाही. टोपी आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार
कार्यक्रम झाला. जेवण वेळेवर. हॉलचे पंखे आवाज करत होते, सांगितलं नाही कुणाला.
मानपानाला आमचे व्याही, चांदवडचे शेखरराव, टॉवेल-टोपी घेऊन समोर आले. मी हसत उभा. खांद्यावर टॉवेल टाकला. मग रीतीप्रमाणे त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी उतरवली.
साडेतीनशे माणसं. नवी टोपी हातात तशीच धरून शेखरराव हळू म्हणाले, रंगनाथराव, ऑपरेशन झालं आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही? त्यांच्या आई, कुसाबाई, उठून आल्या. डोक्यावरून हात फिरवला. लय सोसलं रं बाबा, म्हणाल्या, आणि कानशिलावर बोटं मोडली. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.
हर्षाली रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बघत होती. मग तिनेच हाक मारली, पप्पा, या, फोटो.
आज सकाळी प्रतिभाच्या मोबाइलवर फोटो आला. पुढच्या रांगेत हर्षालीच्या शेजारी एका माणसापुरती जागा रिकामी आहे. मी मागच्या रांगेत. कुणी सांगितलं नव्हतं. माझा मीच जाऊन उभा राहिलो.
गोरक्षने दहा मिनिटं मागितली होती. घरी येऊन. ऐंशी रुपये.